पाचव्या ‘का’चं उत्तर

“लाइन का थांबली?”

“मी जागेवर नव्हते.”

“का नव्हता?”

“टॉयलेटला गेले होते.”

“ब्रेकमध्ये का नाही गेलात?”

“ब्रेकमध्ये गेले होते. परत जावं लागलं.”

“परत का जावं लागलं?”

समोर साठ माणसं. निम्मे पुरुष. सकाळचे सात वाजून पाच मिनिटं झालेली, आणि मी जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या चौकोनात उभी. साहेबांच्या हातात पॅड, पॅडवर कागद, पेनाचं टोक चौथ्या ओळीवर टेकवलेलं. ते चिडले नव्हते. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. आवाज अगदी मऊ होता, बँकेत फॉर्म भरून घेणाऱ्या माणसाचा असतो तसा.

“सांगा ना ताई. लाजायचं नाही. इथं आपण माणसाला दोष देत नाही, कारण शोधतो.”

मी सांगितलं. पाळी आली होती, वेळेच्या आधी. हे मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मागच्या रांगेत ऐकू गेलं नाही आणि साहेब म्हणाले, “जरा मोठ्यानं.” मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं.

पाचवा प्रश्न आला. “मग तयारीनं का नाही आलात?”

याला काय उत्तर असतं? साहेबांनीच पाचव्या ओळीवर लिहिलं, ‘वैयक्तिक नियोजनाचा अभाव’, आणि वाचून दाखवलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांचं सांगायला पाहिजे. आमच्याकडे ती पद्धतच होती. ज्याची चूक तो चौकोनात उभा राहणार, साहेब पाच वेळा ‘का’ विचारणार, पाचव्या उत्तराला चुकीचं मूळ सापडणार, आणि चूक मान्य केली म्हणून सगळे टाळ्या देणार. याला ‘व्हाय-व्हाय’ म्हणायचे. हे म्हणे परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्यांत चालतं. चालत असेल. तिथं पाचवं उत्तर कुठं पोचतं मला माहीत नाही. आमच्या लाइनवर ते नेहमी पिवळ्या टोपीवाल्याच्या डोक्यावरच येऊन थांबायचं. पिवळी टोपी म्हणजे ठेक्यावरची. निळी म्हणजे परमनंट. पांढरी म्हणजे साहेब लोक. पांढरी टोपी चौकोनात उभी राहिलेली मी चार वर्षांत एकदाही पाहिली नाही.

मी शिरूरची. कंपनी शिरूरपासून बसनं अर्ध्या तासावर. नाव लिहीत नाही, तशा अजून चार असतील. मोटारीच्या आत वायरींचा जुडगा असतो, तो आम्ही बायका बांधायचो. गेटच्या आत शिरलं की भिंतीवर कंपनीचा मोठा तक्ता होता. सगळ्यात वर एका टायवाल्याचा फोटो, खाली तिघांचे, त्याखाली सात-आठ, असं रुंदावत रुंदावत खाली. शेवटची चौकट भिंतभर लांब. तिच्यात एकही फोटो नाही. नुसतं लिहिलेलं, ‘मनुष्यबळ’.

पहिल्या आठवड्यात ट्रेनिंगला एका मॅडमनं तो तक्ता आम्हाला समजावून सांगितला. ध्येय वरून निघतं आणि पायरी पायरीनं खाली येतं, म्हणाल्या. सगळ्यात वरच्या चौकटीला वर्षाचं ध्येय. त्याखालच्यांना तीन महिन्यांचं. मग महिन्याचं, मग दिवसाचं. आम्हाला तासाचं. वरच्या माणसाला चुकायला आणि सावरायला अख्खं वर्ष मिळतं आणि आम्हाला साठ मिनिटं, हे माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही. मी वहीत बाण काढत बसले. गळ्यात घालायला कार्ड मिळालं, त्यावर ‘माझं ध्येय’ असं छापलेलं आणि खाली तीन शून्यं. शून्य चूक, शून्य अपघात, शून्य गैरहजेरी. त्या रात्री मी ते कार्ड घरी सगळ्यांना दाखवलं होतं. लाज वाटते सांगायला.

तर त्या टाळ्या वाजल्या त्या दिवशी मी जाग्यावर जाऊन बसले आणि हात चालेनात. समोरच्या मशीनवर सुनंदामावशी होती. केडगावची. पंचेचाळिशीची असेल, चौफुल्याला कंपनीच्या बसमध्ये चढायची, दोन्ही दंडांवर गोंदलेलं, बोलायला फाटक्या तोंडाची. ती उठली, माझ्या मांडीवर घडी केलेला स्वच्छ कपडा टाकला आणि म्हणाली, “रडू नगं. त्या सायबाच्या आयला बी येतच आसंल की.” मला रडता रडता हसू आलं. चार वर्षांत त्या इमारतीत कुणी माझ्यासाठी काही केलं असेल तर ते एवढंच.

आणि मी तिच्यासाठी काय केलं ते आता लिहिते.

माझे अब्बा पेंटर. शिरूरात एकेकाळी अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले आणि ब्रश वाळून गेले, पण हात अजून तसाच आहे. त्यांनी मला अक्षर शिकवलं. पाटीवर नाही, भिंतीवर, गेरूनं. शाळेत सूचनाफलक कायम माझ्याकडे. कंपनीत एकदा साहेबांनी माझं अक्षर पाहिलं आणि विचारलं, “हे कोणाचं?” त्या दिवसापासून व्हाय-व्हायचे कागद मी लिहायला लागले. साहेब सांगणार, मी लिहिणार. जी चौकोनात उभी राहिली होती ती आता चौकोनाच्या बाहेर पॅड घेऊन उभी. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? मला फार आवडलं. दिवाळीनंतर निळी टोपी देऊ, असं सुपरवायझर धुमाळदादा म्हणाले होते. लिहिणाऱ्याला कुणी चौकोनात उभं करत नाही, हे मी हेरलं होतं.

हे धुमाळदादा इथलेच. कंपनीला जमीन गेली त्यातली बरीच त्यांच्या भावकीची, म्हणून माणसं पुरवायचा ठेका त्यांच्या चुलतभावाकडे. गावात सोसायटी त्यांची, पंचायत त्यांची. दादांशी वाकडं घेतलं तर नुसती एक नोकरी जात नाही, पंचक्रोशीतल्या दुसऱ्या गेटवरही फिरकू देत नाहीत. सगळे त्यांना दादा म्हणायचे, त्यांच्यापेक्षा वयानं मोठ्या बायकासुद्धा.

मावशीच्या मशीनवर वायरीच्या टोकाला पितळेची टोपडी दाबून बसवतात. पायाखाली पेडल. पेडल दाबलं की वरून ठोका येतो. ठोका येतो तिथं बोट जाऊ नये म्हणून तोंडावर पारदर्शक झाकण असतं. गार्ड म्हणतात त्याला. गार्ड खाली ठेवला की वायर चिंचोळ्या फटीतून घालावी लागते आणि तासाचा आकडा काही केल्या होत नाही. कुणाचाच होत नव्हता. मी फळ्यावर दर तासाला आकडे लिहायचे, मला माहीत होतं.

एका सकाळी धुमाळदादा मावशीजवळ आले. मी दोन हातांवर फळ्यापाशी उभी.

“मावशे, आकडा येत न्हाई तुझा. वरनं फोन येत्यात मला.”

“झाकान हाय न्हवं दादा. बोट जपून करावं लागतं.”

“मग बांध की वर. ऑडिटवालं आलं की सोडायचं.”

खिशातून प्लास्टिकची बंधपट्टी काढून त्यांनीच तिच्या हातात दिली. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी खडूनं आकडा लिहीत राहिले. त्या तासापासून तिचा आकडा व्हायला लागला आणि मी तो हिरव्या खडूनं लिहायला लागले.

तीन आठवड्यांनी, जेवणाच्या सुट्टीनंतर, मावशी “अगं” म्हणाली. एवढंच. ओरडली नाही. मला वाटलं मला हाक मारते आहे, म्हणून मी वळले. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक नव्हतं. ती ते बोट दुसऱ्या हातानं झाकून मशीनकडे बघत होती, पाहुण्यांसमोर कुणी अपमान केल्यावर बघावं तशी. त्या “अगं”चं मी काय करू? ते अजून येतं. भांडी घासताना येतं, शिरूरच्या स्टँडवर गर्दीत येतं. मी वळते आणि मागे कुणी नसतं.

मावशीला गाडीत घालून नेलं. गाडी गेटबाहेर पडायच्या आधी धुमाळदादांनी गार्डची पट्टी कापून खिशात घातली. हेही मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजून पाच मिनिटांनी मीटिंग. चौकोन रिकामा. जिला उभं करायचं ती दवाखान्यात. मला वाटलं आज व्हाय-व्हाय होणार नाही. साहेब रिकाम्या चौकोनासमोर उभे राहिले आणि त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. उत्तरंही तेच देत गेले. मी लिहीत गेले.

बोटाला इजा का झाली? बोट ठोक्याखाली गेलं.

का गेलं? गार्ड वर होता.

गार्ड वर का होता? ऑपरेटरनं वर केला.

का केला? नियम माहीत असूनही पाळला नाही.

का पाळला नाही?

इथं माझं पेन थांबलं. थांबलं हे मला पक्कं आठवतं. धुमाळदादा माझ्या शेजारी उभे होते, त्यांच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. साहेब म्हणाले, “लिहा ना. ऑपरेटरचं दुर्लक्ष.” मी लिहिलं. नेटकं लिहिलं. अब्बांनी शिकवलं तसं, शिरोरेघ सरळ, क्षची गाठ भरीव. मग टाळ्या वाजल्या. रिकाम्या चौकोनाला. मीही पॅड काखेत धरून वाजवल्या.

कागद प्लास्टिकमध्ये घालून त्याच मशीनच्या वर लावला, सगळ्यांना धडा म्हणून. कारखाना निरीक्षकाच्या ऑफिसला जो अहवाल गेला त्यातही हेच पाचवं उत्तर गेलं. मावशी परत आली ती फक्त हिशोब करायला आणि टोपी जमा करायला. मला भेटायला लाइनवर आली नाही. सोडलं नसेल, किंवा तिलाच नको वाटलं असेल.

त्यानंतर ते माझ्या मागं लागलं. माझंच अक्षर. सकाळी आत शिरले की ते भिंतीवर. नवीन आलेली पोर त्या मशीनवर बसायच्या आधी ते बोट ठेवून वाचायची. मी डोळे फिरवले तरी मला ते दिसायचं. गॅसच्या टाकीवर, बसच्या पाठीवर, दुसऱ्याच कुठल्या शब्दात क्ष आला तरी मला त्याच्या आधी ‘दुर्ल’ दिसायचं. झोपेत मी तो कागद लिहायचे आणि पाचव्या ओळीशी पोचले की पेनातून काही उमटायचं नाही. जागी व्हायचे तर हाताची मूठ वळलेली. अम्मीला वाटलं मला बाहेरचं काही लागलंय. तिनं दर्ग्यात नेऊन आणलं. मुजावरानं ताईत दिला. मी तो घातला, कारण काय झालंय ते सांगण्यापेक्षा ताईत घालणं सोपं होतं.

शेवटी अब्बांना सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, तू काय करणार, तू नुसती लिहिणारी. मी स्वतःला रोज तेच सांगत होते. पेंटर थोडाच मजकूर ठरवतो?

अब्बा म्हणाले, “इलेक्शनच्या टायमाला एकानं मला भिंत दिली रंगवायला. दुसऱ्या पार्टीतल्या बाईचं नाव आन् खाली घाण. दुप्पट देत व्हता. मी डबा उचलला आन् घरी आलो. दोन वर्षं त्यानं काम दिलं न्हाई.” मग म्हणाले, “तू का लिव्हलंस?”

तो साहेबांचाच शब्द. पण अब्बांनी तो एकदाच विचारला आणि मला उत्तर द्यावं लागलं. “भीती वाटली,” मी म्हणाले. “आणि टोपी पाहिजे होती.”

आमची सुट्टी गुरुवारी. त्या गुरुवारी मी न्हावऱ्यावरून चौफुल्याला गेले, तिथून जीपनं केडगावला. मावशीचं घर स्टेशनच्या पलीकडं. ती ओट्यावर मेथी निवडत होती, डाव्या हातानं. मला बघून उठली, पाणी आणायला सुनेला हाक मारली. मी पाणी प्यायलेही नाही.

“मावशी, तो कागद मी लिहिलाय.”

“म्हाईत हाय. हिशोबासंगं त्याची झेरॉक्स दिली मला. तुझं अक्षर वळखतं की मला.”

“मला माफ कर.”

“कशापायी गं? खरंच हाय ते. माझंच ध्यान न्हवतं.”

मला वाटलं ती टोमणा मारते आहे. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. साहेबांच्या आयमायचा उद्धार करणारी ती बाई खाली मान घालून मेथीची पानं खुडत होती.

“मावशी, दादांनी बांधायला लावलं. पट्टी त्यांनी दिली. मी तिथं होते.”

“व्हय. पर हात तर माझाच व्हता ना.” मग हळू आवाजात म्हणाली, “घरात बी तेच हाय. सून नातवाला माझ्याकडं देत न्हाई. म्हंती, तुमचं ध्यान नसतं. तिचं काय चुकलं? कागदावरच लिव्हलंय म्हनल्यावर.”

आत पाळण्यात पोर रडायला लागलं. मावशी उठायला गेली, अर्धी उठली आणि परत बसली. आतून सून आली आणि पोराला उचलून घेऊन गेली. मावशीनं मेथी निवडायला घेतली.

मी भिंतीवर लिहिलेलं तिनं आत घेतलं होतं. बोट कंपनीनं घेतलं, ते दिसतं. हे दिसत नव्हतं आणि हे माझ्या हातचं होतं. परतीच्या जीपमध्ये मला रडू आलं नाही. राग आला. आधी स्वतःचा आला, मग तो पुढं पुढं सरकत गेला.

पंधरा दिवसांनी वरची माणसं प्लँट बघायला येणार होती, तक्त्यातली वरून तिसरी रांग. रंगरंगोटी सुरू झाली. मशीनवरचा कागद फिका पडला होता. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून कोरा फॉर्म दिला. “हाच परत लिहून द्या, जरा ठळक. पाहुण्यांना आपली व्हाय-व्हायची पद्धत दाखवायची आहे. तुम्हीच वाचून दाखवा, छान वाटेल.”

मी बसले आणि लिहिलं. पहिल्या दोन ओळी तशाच. तिसरीत लिहिलं, गार्ड वर का होता? सुपरवायझरनं पट्टी देऊन बांधायला लावला. चौथीत, त्यांनी का लावला? गार्ड खाली ठेवून तासाचा आकडा होत नाही. पाचवीत, मग आकडा तेवढा का? साहेबांनी ठरवला, कारण त्यांना महिन्याचा आकडा वरून आला. फॉर्ममध्ये पाचच ओळी होत्या. मी फूटपट्टीनं सहावी ओळ आखली आणि लिहिलं, वरच्यांनी तो का पाठवला, हे त्यांना विचारावं. खाली सही केली. पूर्ण नाव घालून.

साहेबांनी वाचलं. पहिल्यांदा त्यांचा आवाज मऊ राहिला नाही.

“हे काय आहे?”

“व्हाय-व्हाय.”

“ताई, ही पद्धत कुणावर बोट दाखवायला नाही.”

“मावशीवर दाखवलं होतं, साहेब.”

“हे फाडा. नाहीतर उद्या मीटिंगला चौकोनात उभं राहून सांगा, की तुम्ही कागदपत्रांत खाडाखोड केली.”

“फाडणार नाही. आणि उभी राहणार नाही.”

साहेबांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. पण मी शाळेपासून कच्चं आधी लिहून मगच पक्कं लिहिते. कच्चा कागद माझ्या ओढणीच्या गाठीत होता.

दुसऱ्या दिवशी गेटवरचं हजेरीचं मशीन माझं बोट घेईना. सिक्युरिटीवाला म्हणाला, नाव निघालंय. धुमाळदादा बाहेर आले, मला बाजूला घेतलं.

“तुला काय गरज व्हती? टोपी निळी व्हनार व्हती तुझी. मला बी वरनं सांगत्यात गं. मी काय माझ्या मनानं करतो का?”

“दादा, तेच लिहिलंय मी. तुमच्यावर थांबले नाही.”

त्यांना ते कळलं की नाही, देव जाणे. पंचक्रोशीतली चार गेटं मला बंद झाली एवढं नक्की. आता मी एका झेरॉक्सच्या दुकानात बसते, मार्केट यार्डाजवळ.

तो कच्चा कागद जोडून कारखाना निरीक्षकाच्या ऑफिसला अर्ज दिला आहे. अपघाताच्या अहवालातलं कारण खोटं आहे, ते बदला, असा. मावशीला घेऊन जायला दोनदा केडगावला जाऊन आले. ती अजून म्हणते, “नगं बाई, झालं ते झालं.” सून दारात उभी राहून ऐकत असते. मी मुद्दाम तिला ऐकू जाईल असं बोलते.

चौकशीची तारीख पडेल तेव्हा मी जाणार. मावशी आली तर तिच्याबरोबर, नाही आली तर एकटी. पुढं ढकलली तर पुढच्या तारखेला जाणार. तिथं विचारतील, तुम्ही कोण? मी सांगणार, तो खोटा कागद लिहिणारी मी. माझा गुन्हा आधी लिहून घ्या. मग बाकीच्यांचे विचारा, सगळ्यांची नावं मला पाठ आहेत.